सहा नंबर खोलीतलं बेसिन

मी, विदोसावा क्र्स्तोनिच, वय एकाहत्तर, राहणार दोन्या लीपा, सर्बिया, येथील सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं जंतू वाढवून निवृत्त झालेली आणि सध्या त्याच दवाखान्यात खाटेवर पडलेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. खुब्याचं हाड बसवायला आले होते. हाड छान बसलं, जखमेत जंतूही बसला. काल तपासणीचा कागद मागून घेतला. सोळा अँटिबायोटिक्स लावून पाहिली आणि सोळांच्याही पुढे 'लागू पडत नाही'. असा गुणी जंतू एका दिवसात घडत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला लहानाचा मोठा केलाय, तेव्हा वाटणीही सगळ्यांना मिळावी.

कलम एक. घर आणि आलुबुखाराची बाग भाचा ओग्न्येन याला. त्याने फळांची दारू खुशाल गाळावी. पण सर्दी झाली की दोन दिवस अँटिबायोटिक घ्यायचं आणि उरलेल्या गोळ्या माझ्या ड्रॉवरमध्ये आणून टाकायच्या, हा उद्योग बंद करावा. "असू दे मावशी, कुणाच्या तरी उपयोगी पडतील," म्हणायचा. पडल्या ना, जंतूंच्या.

कलम दोन. बँकेतली शिल्लक मयताला आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला. जेवायला अतिदक्षता विभागातल्या सिस्टर्सना आवर्जून बोलवावं. हात धुण्याच्या बेसिनात कपातला गाळ ओतून त्यांनी नळीतल्या जंतूंना दिवसातून चारदा साखरेची कॉफी पाजली आहे. मला इथे एकदाच चहा मिळतो, तोही फिका.

कलम तीन. कॉफीचं पितळी भांडं मुख्य डॉक्टर रादिवोये पांतेलिच यांना. मोरीतल्या गुलाबांना कॉफी पाजायला. कुठले गुलाब, ते पुढे आहे.

कलम चार. मार्च २०११. माझी शेजारीण स्मिल्याना हिचा नवरा तिहोमिर अपेंडिक्ससाठी आला आणि सहा नंबरच्या खोलीत रक्तात जंतू पसरून वारला. मी त्याच्या खाटेजवळच्या बेसिनच्या नळीतून नमुना घेतला. तोच जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, "विदाताई, मोरीत जंतू नाहीत तर काय गुलाब उगवणार? लिहा, वाढ आढळली नाही." मी लिहिलं. नोकरी जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही कारण नाही.

त्याच दुपारी त्यांनी स्मिल्यानाला व्हरांड्यात गाठलं. "घरून सूप आणत होतात ना बाई? हात तरी धुतले होते का?" धुतले होते तिने. त्याच बेसिनात.

तेव्हापासून ती नातवंडांना घ्यायच्या आधी ब्लीचने हात धुते. हातांची सालं निघालीत. आणि मी इतकी वर्षं कुंपणावरून तिला मलम देत आले. मला माझी लाज वाटते, स्मिल्याना.

माझी निळी वही तिला द्यावी. त्या दिवसाचा खरा निकाल तीत माझ्या अक्षरात तारखेसह आहे. ओग्न्येनने तिच्या घरी जाऊन हे कलम मोठ्याने वाचावं. ती म्हणेल, तापाच्या भरात काहीतरी लिहिलं असेल बिचारीने. पांतेलिचही तेच म्हणतील. म्हणून डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. सकाळी राउंडला आले तेव्हा कागद पुढे केला. "काय लिहायचं ते लिहा हो विदाताई, सही कुठे करू ते सांगा," म्हणाले. मी जागा दाखवली.

साक्षीदार:
१. मिलिसाव याकोव्लेविच, शेजारच्या खाटेवरील रुग्ण (सही)
२. नेवेना ग्र्बिच, व्यायाम करवून घेणारी बाई (सही)

लिहून ठेवणार: विदोसावा क्र्स्तोनिच (सही)
दोन्या लीपा, ९ ऑक्टोबर २०२३

दाखला: रुग्णास ताप नाही, भ्रम नाही. वर लिहिलेलं सर्व तिने पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे, याबद्दल माझी खात्री आहे.
डॉ. रादिवोये पांतेलिच, मुख्य डॉक्टर (सही व शिक्का)