कोऱ्या बाजूवरचं मागणं

आई,

मी न्सुक्काला ताईकडे चाललोय. समोर असतीस तर आवाज चढला असता, म्हणून चिठ्ठी.

कपाटातला तो कागद रद्दी नव्हता! माझा फोन रिक्षात चोरीला गेला, तरी त्या कागदावरच्या बारा शब्दांवर वॉलेट पुन्हा उघडून क्रिप्टोतले पैसे परत मिळणार होते. बाबांच्या ऑपरेशनचे पैसे! आणि तू काय केलंस? मागची बाजू कोरी दिसली म्हणून तिच्यावर देवाकडे मागणं लिहिलंस, आणि चर्चमध्ये सगळ्यांच्या कागदांबरोबर जाळूनही आलीस. घरात दुसरा कागद नव्हता?

चर्चने इंटरनेटवर टाकलेला रविवारच्या प्रार्थनेचा व्हिडिओ तुझ्या फोनवर थांबवून थांबवून पाहिला. तू कागद उंच धरून नाचवत होतीस आणि कॅमेरा नेमका तुझ्यावर. बाराच्या बारा शब्द दिसले, तेच टाकून वॉलेट उघडलं. म्हणजे ते कुणालाही उघडता आलं असतं! पैसे ताबडतोब नव्या वॉलेटमध्ये हलवलेत. ते तुझ्या फोनवर आहे, म्हणून फोन नेतोय. नवे शब्द ताईकडे राहतील. तुझ्या हाताला लागणार नाहीत.

येत्या रविवारी माइक घेऊन याला चमत्कार म्हणू नकोस. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. ओहाच्या पानांचं सूप आहे, गरम करून दोघं खा.

व्हिडिओत कागद उलटा झाला तेव्हा तुझं मागणंही वाचलं. 'देवा, माझ्या उगोन्नाचा राग शांत कर.'

अजून तरी झालेला नाही.

उगोन्ना