वाघाच्या वाटेवर बेचा पाढा

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आजही दिव्यानी नव्हती. पटावर नाव आहे, वर्गात मूल नाही!

मुख्याध्यापक गुरनुले सरांनी चहा मागवला आणि थेट मुद्द्यावर आले. "मॅडम, चार वर्ग आणि आम्ही दोघं मास्तर. ही पोरगी आली की टेबलाखाली बसते, नाही तर येतच नाही. जानेवारीच्या आढाव्यात तिचं नाव गृहाधारितमध्ये टाकून द्या. तुम्हीच घरी जाऊन शिकवा नं."

सर वाईट नाहीत, थकलेले आहेत. पण गृहाधारित शिक्षण प्रत्यक्षात कसे चालते, हे मला ठाऊक आहे. अख्ख्या तालुक्यासाठी आम्ही मोजक्या फिरत्या विशेष शिक्षिका. आठवड्यातून एकदा मी तिच्या अंगणात बसणार, उरलेले दिवस ती आणि कोंबड्या! सात वर्षांच्या स्वमग्न मुलीला सर्वाधिक गरज असते ती इतर मुलांची. नेमकी तीच त्यातून वगळली जातात.

"आढाव्यापर्यंत थांबा," मी म्हटले. सर म्हणाले, "थांबलो. पण रोज आली पाहिजे."

५ डिसेंबर, गुरुवार

दिव्यानीच्या टोलीत, त्या मासेमारांच्या वस्तीत, जाऊन आले. टोली आणि शाळा यांच्यामध्ये जंगलाचा पट्टा आहे. दिव्यानीचे आईवडील उजाडण्यापूर्वीच तलावावर जाळी काढायला जातात. घरी आजोबा आहेत, पण त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला आहे. इतर मुले मनाला येईल तेव्हा दोघे-तिघे मिळून निघतात.

तिची आई रंजीता म्हणाली, "हिले कोणी नेत नाई जी मॅडम. मधातच बसून जाते. पोट्टे किती वेळ थांबतीन?"

म्हणजे अडचण शाळेत नंतर आहे, आधी वाटेवर आहे. ही स्वतंत्र पायरी मी आजवर आखलीच नव्हती.

९ डिसेंबर, सोमवार

शेजारच्या गावात धानाचे भारे बांधायला गेलेल्या बाईला वाघाने नेले. तिला दोन मुले आहेत.

वनरक्षक करिश्मा मॅडम टोलीत येऊन सांगून गेल्या – कोणीही एकटे निघायचे नाही. मुलांनी जथ्यानेच शाळेत जायचे, सोबत मोठी माणसे, हातात काठ्या, आणि आवाज करत. जथ्याचे पुढारपण टोलीतल्या मुखरूभाऊंकडे आले आहे. तेलाचा रिकामा पिपा बडवत ते सर्वांच्या पुढे चालणार.

शाळेला निघालेले मूल आता कोणीही मागे ठेवणार नाही. दिव्यानीसुद्धा जथ्यात!

१० डिसेंबर, मंगळवार

पिपा वाजला. मुले ओरडली. दिव्यानी कान दाबून किंचाळली आणि घरात पळाली. संपले.

१२ डिसेंबर, गुरुवार

बल्लारपूरला भाऊ गिरणीत कामाला आहे. यंत्राचा आवाज अडवायला तिथे कानांवर जाड झाकणे लावतात. त्याच्याकडून एक जोडी मागवली आणि मोठ्या उत्साहाने टोलीत नेली. दिव्यानीने ती चक्क लावूनही घेतली!

करिश्मा मॅडमनी पाहिले आणि हात जोडले. "कान बंद करून या वाटेने? मोठ्या माणसालाही नाही नेणार मी. मागून हाक मारली तर तिला कळणार कसं?"

बरोबर आहे. माझ्या डोक्यात फक्त दिव्यानी होती, जंगल नव्हतेच.

मुखरूभाऊ पिप्यावर बसून हसत होते. "वाघाले आवाज पायजे, पोट्टीले सुनसान पायजे. आता तुमीच वाघासंग बोलून घ्या मॅडम. शिकलेल्या हा तुमी."

१६ डिसेंबर, सोमवार

आज गैरहजर. उपाय नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज मला काहीतरी सापडले आहे! क्रमाने लिहिते.

रंजीताशी निवांत बोलता यावे म्हणून टोलीला लागून असलेल्या तलावावर गेले. बायका पाण्यात उतरून काठ्यांनी पाणी झोडपत होत्या, मासे जाळ्याकडे हाकलण्यासाठी. सपाक, सपाक, सपाक – केवढा गदारोळ! आणि तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, दिव्यानी बसली होती. कान उघडे, चेहरा शांत, त्याच तालावर मागेपुढे डुलत. इतक्यात पाळीवरून जाणाऱ्या मोटारसायकलने हॉर्न दिला. तत्क्षणी हात कानांवर, आणि किंकाळी.

पाण्याचा आवाज हॉर्नहून लहान नव्हता. म्हणजे आवाज मोठा असणे आणि आवाज अनपेक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत! पुढचा ठोका केव्हा पडणार हे ठाऊक असेल तर तिला तो सोसतो. प्रशिक्षणात हे शिकले होते, पण मोठा आवाज बंद करायचा एवढेच धरून बसले.

पडताळणीसाठी जेवणाच्या डब्यावर सारख्या अंतराने ठोके दिले. शांत. मुद्दाम ताल मोडला. कान बंद. पुन्हा ताल धरला. पुन्हा शांत.

रंजीता म्हणाली, "हे त इथी रोजच बसते. तुमी काऊन एवढ्या खुश झाल्या?"

२३ डिसेंबर, सोमवार

मुखरूभाऊंना पटवायला बराच वेळ गेला. एकाच तालात पिपा वाजवायचा, मुलांनी वाटेल तसे ओरडायचे नाही, सर्वांनी एकसुरात म्हणायचे. काय म्हणायचे? मुलांना एकत्र पाठ असलेली एकच गोष्ट सापडली – पाढे.

"बे एके बे, बे दुणे चार!" अख्खा जथा गर्जत निघाला. दिव्यानी मधल्या रांगेत, माझे बोट धरून. शाळेच्या फाटकापर्यंत आली!

मुखरूभाऊ घाम पुसत म्हणाले, "मार्चपावतर वाघ दहावी पास होते पाहा."

६ जानेवारी २०२५, सोमवार

तिची हजेरी सलग लागते आहे, तीही माझ्याशिवाय. मी आता फक्त सोमवारी आणि गुरुवारी येते. सरांनी तिच्यासाठी खिडकीजवळची जागा पक्की केली. आहार शिजवणाऱ्या वच्छलाबाई तिला भात आणि वरण वेगवेगळे वाढतात. कालवलेले ती खात नाही, हे दोनदाच समजावावे लागले. सर म्हणाले, "मॅडम, चौथीच्या पोरांचे पाढे या वर्षी पक्के झाले!" त्याचे श्रेय मी वाघाला दिले.

१३ जानेवारी, सोमवार

फार वाईट दिवस. शनिवारी घडलेले आज कळले. मुखरूभाऊ लग्नाला गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला झुडपात सळसळ ऐकू आली. तो एकदम "हाट! हाट!" ओरडला आणि पिपा वेडावाकडा बडवू लागला. त्याचे काहीच चुकले नाही. दिव्यानी वाटेतच बसली आणि हलेना. अख्खा जथा जंगलाच्या मध्यावर खोळंबला. शेवटी तिला किंचाळत असतानाच उचलून आणावे लागले. झुडपात रानडुक्कर होते.

पण दर वेळी रानडुक्करच असेल असे नाही.

सायंकाळी टोलीत बैठक झाली. जथ्यातल्या पायलची आई उभी राहिली. "एकीपायी आमचे सगळे पोट्टे वाघाच्या तोंडात द्याचे काय? तिले घरी शिकवा नं मॅडम. तुमी त येताच."

मी समजावू लागले – मेंदू, ध्वनी, अंदाज, ताल. माझ्या लक्षात आले की मी फारच वेळ बोलत आहे. खाली बसले. पायलची आई चूक बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

रंजीता मान खाली घालून म्हणाली, "नाई नेत त नका नेऊ. मी कोणाच्या पाया पडून नाई राह्यली." आणि उठून गेली.

मुखरूभाऊंनी दोन दिवस मागून घेतले. माझ्यासाठी, काही उपाय सुचावा म्हणून.

१५ जानेवारी, बुधवार

आज माझा फेरीचा दिवस नव्हता. तरी गेले.

विचार असा – ठोका केव्हा पडणार हे सर्वांत आधी कोणाला कळते? जो तो देतो त्याला! मग पिपा तिच्याच हातात का नाही?

मुखरूभाऊंना सांगितले. त्यांनी मिशी ओढली. "आन् खरंच वाघ आला तं?"

"तर तुम्ही ओरडा. ती वाजवत राहील."

पिपा जड, म्हणून तिला लहान डबा आणि लाकडी चमचा दिला. अंगणात तालीम घेतली. तिने ठोका धरला. मी मुद्दाम मोठ्याने "हाट!" ओरडले. तिने खांदे आखडले, डोळे मिटले, पण हात थांबला नाही. पुन्हा ओरडले. मुखरूभाऊ ओरडले. आजोबा ओट्यावरून ओरडले. शेवटी पायलची आई कुंपणापलीकडून ओरडली, आणि मग स्वतःच हसत सुटली.

हात थांबला नाही!

"चालन," पायलची आई म्हणाली. "पण मी संग येईन. पंधरा रोज पाहीन."

२१ जानेवारी, मंगळवार

जथा आता टोलीतल्या बोरिंगपासून दिव्यानीच्या ठोक्यावर चालतो. ती थांबली की सगळे थांबतात, ती निघाली की सगळे निघतात. मुखरूभाऊ काठी घेऊन पुढे, पायलची आई मागे. मुले तिला "बँडवाली" म्हणू लागली आहेत. पायल सकाळी तिला हाक मारायला घरी जाते – हे मी कोणालाही सांगितलेले नाही, कोणी आखलेलेही नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

आढावा झाला. गुरनुले सरांनी स्वतः उभे राहून सांगितले, "ही मुलगी शाळेत येते. नाव इथेच राहील." मी बोलायची तयारी करून गेले होते. एक शब्दही बोलावा लागला नाही. वाटेत रंजीताला फोन केला. पलीकडून पाणी झोडपल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "बरं झालं जी."

५ फेब्रुवारी, बुधवार

काल वाघाला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातले आणि घेऊन गेले. टोलीत गुलाल उधळला. आज जथा निघाला नाही. मुले दोघे-तिघे मिळून, मनाला येईल तेव्हा गेली. पायल आजीकडे चिमूरला गेली आहे. रंजीताचा तलावावरून फोन आला, आजोबांनी तिला कळवले होते – "बुडा सांगून राह्यला मॅडम, ते सकाळपासून बोरिंगजवळ उभी राहून डबा वाजवून राह्यली. कोणी येऊन नाई राह्यलं."

निघाले आहे. वाघाने नेलेल्या त्या बाईची दोन मुले आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिते, कारण दुसरीकडे कुठेच बोलता येणार नाही – मला तो वाघ परत हवा आहे.