नळीतून पाहिलेली मोसंबी

८ ऑगस्ट १९७१, बेलापूर

नळी आली एकदाची. श्रीरामपूरच्या लेथवाल्याने हेलपाटे घालायला लावले, पण काम चोख केलं. कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची. मग चार बोटांवरची वस्तू ताटाएवढी दिसते. देव्हाऱ्यातल्या जास्वंदीवर मुंगी होती, पहिली तीच बघितली. मुंगीच्या पायांना केस असतात! जन्मभर नवरा-नवरीच बघत आलो, हे राहूनच गेलं.

सौ. म्हणाली, "आता मुंगीला पावडर लावून स्टुलावर बसवा."

शेतकी खात्याच्या साहेबांना फळांवरच्या किडींचे मोठे तक्ते करायचे आहेत. त्यांच्यासाठी हा खटाटोप. खरं म्हणजे माझ्यासाठीच.

१४ ऑगस्ट

लीलाचं डोहाळजेवण. सातवा लागला. जावयांना रजा नाही. बागेतलंच डोहाळजेवण हवं हा हट्ट पोरीचा, बापाने पुरवायचा. रहीमचाचा बागवान नदीकडच्या मोसंबीच्या बागेचा माल दरवर्षी झाडावरच घेतात, त्यांना विचारलं. "लीलाबेटीचं हाय ना, मग इचारताय काय," म्हणाले. झोपाळा स्वतः बांधून दिला. ओटीत घालायला मोसंबीही स्वतः तोडून आणली.

फुलांचे दागिने, बायकांचा कालवा. ग्रुप झाले. नंतर ओटीतल्या फळावर एक माशी बसलेली दिसली. मला राहवेना, नळी चढवली. लीला म्हणते, "बाबा, फोटो माझा काढताय की माशीचा?" म्हटलं, माशी हलत नाही, तू हलतेस. सगळ्या हसल्या. मग तिचाही एक काढला.

२ सप्टेंबर

सकाळीच बागेत. फळं पाडाला आलीत. चाचा म्हणतात, अंधार पडला की पतंग येतात, सोंड खुपसून रस पितात. दिवसा दिसत नाहीत. भोकं मात्र दिसतात, टाचणीने टोचल्यासारखी. मग त्या भोकांवर माशा, मुंग्या.

फांदी वाऱ्याने हलली की चित्र गेलं. म्हणून डाव्या हाताने देठाजवळ धरायचं, श्वास रोखायचा, उजव्याने दाबायचं. तेच फळ पुन्हा सापडावं म्हणून देठाला पिवळी लोकर बांधतो. लीलाच्या विणकामातली.

एक माशी फिल्म संपेपर्यंत जागची हलली नाही. एवढी काच तोंडाशी आणली तरी. नळीतून तिचे डोळे वाटीएवढे दिसतात. ती रस पीत नव्हतीच, असं आता वाटतंय. नुसती बसली होती, माझ्याकडे तोंड करून.

७ सप्टेंबर

चाचा स्टुडिओत आले. टॉवेलात गळलेली मोसंबी, प्रत्येकाच्या देठाला पिवळी लोकर.

"अन्ना, ही समदी तुमची. लोकरीचं येक बी झाडावर ऱ्हायलं न्हाई."

म्हटलं, चाचा, मी किडकीच निवडतो. ती गळणारच.

"व्हय, तसं बी आसंल. पन येकदा चांगल्याला बांधून बघा की."

सौ. चहा घेऊन आली ती टॉवेलाकडे बघत उभीच राहिली. "बाळाच्या टोपड्याची लोकर तुम्ही किडक्या फळांना बांधता?" उरलेली होती गं, म्हटलं. तिने चहा तसाच ठेवला. आत जाऊन लीलाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी बाहेरून विचारलं, दृष्ट कोणाची, माशीची का?

१२ सप्टेंबर

पितृपंधरवडा. फोटो काढून घ्यायला कुणी फिरकत नाही. बागेत गेलो.

चाचांचं म्हणणं मनावर घेतलं. निरोगी फळं निवडली, भिंगाने चारी बाजूंनी तपासली. भोक नाही, डाग नाही. सगळ्यांना लोकर बांधली. त्यातल्या निम्म्यांना नुसती लोकर, निम्मी नळीतून बघितली. फिल्म मिळत नाहीये, म्हणून रिकामाच कॅमेरा. फोटो नाही, नुसतं बघणं. बघितलेल्या फळांच्या लोकरीला दोन गाठी.

१९ सप्टेंबर

दोन गाठींची सगळी खाली. एका गाठीची झाडावर. मस्त पिवळी होतायत.

गळलेलं एक कापलं. अळी नाही, भोक नाही. आत फोडी कोरड्या, जुन्या कापसागत. रस गेला कुठे?

कारण उघड आहे. बघताना मी देठ धरतो, देठ दुखावतो, फळ गळतं. शाळेतलं पोरही सांगेल.

पण लोकर बांधतानाही देठ धरलाच होता. सगळ्यांचा.

२१ सप्टेंबर

लीला फोटोंसाठी मागे लागली म्हणून डोहाळजेवणाची निगेटिव्हं काढली. ओटीतलं फळ मोठं करून बघितलं. ट्रेमधे कागदावर चित्र हळूहळू वर आलं. आधी माशी, मग फळाची साल, तिची सगळी छिद्रं. आणि माशीच्या तोंडाखाली ते भोक. त्यावर एक थेंब. त्या दिवशी मला दिसलं नव्हतं.

त्याच्या शेजारचं चित्र लीलाचं. तेही नळीतूनच काढलेलं. नुसता चेहरा, हसणारा.

फळाचं निगेटिव्ह कापून जाळावं म्हणून कात्री घेतली. दोन चित्रांमधली पट्टी काडीएवढी. कात्री सरकली असती तर लीलाच्या चेहऱ्यात गेली असती. ठेवून दिली.

बाहेर येऊन सहज विचारल्यासारखं केलं, ओटीतल्या मोसंब्यांचं काय झालं गं? म्हणाली, "खाल्ली की. आई म्हणाली, ओटीतलं फळ मीच खायचं."

मला भीती वाटते. दुसरा शब्द नाही.

३० सप्टेंबर

काल दसरा. चाचांना सोनं द्यायला बागेत गेलो, कॅमेरा न घेता. चाचांनी पानं डोळ्याला लावली आणि मग अवघडून म्हणाले, "अन्ना, वाईट मानू नगा. ती नळी आता आमच्या बागंत नगं." बरं, म्हटलं. मग जवळ येऊन हळू आवाजात, "त्यापरीस त्या पल्याडच्या बागंचे फोटू काढा की. तिचा माल आमच्या आदी पेठंत जातो."

हसतील म्हणून थांबलो. हसले, पण जरा उशिरा. माझं तोंड बघून म्हणाले, "गंमत केली वो."

शेतकी साहेबांना पत्र टाकलं, प्रकृतीमुळे काम होणार नाही. प्रकृती ठणठणीत आहे.

९ ऑक्टोबर

लीला सकाळपासून गप्प. सौ.ने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, कालपासून बाळ फिरत नाही. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं. किती वेळ ऐकत होत्या! ठोके आहेत म्हणाल्या. बाळ झोपाळू आहे, आजोबांवर गेलंय. सगळे हसले. मीही तोंड हलवलं.

घरी आल्यावर सौ.ला म्हटलं, दृष्ट काढ तिची. ती बघतच राहिली. मी असं म्हणेन हे तिला अठ्ठावीस वर्षांच्या संसारात वाटलं नव्हतं. "कुणाची लागली म्हणता?"

काय सांगणार. फिल्म नव्हती तेव्हाही फळं गळली. म्हणजे दोष फोटोचा नाही, बघण्याचा. मग कॅमेऱ्यामागे राहिलं कोण?

संध्याकाळी बाळ फिरलं. लीलाने आईचा हात पोटावर ठेवला. मला बोलावत होती. मी दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणालो. नव्हतं.

२० ऑक्टोबर

दिवाळी झाली. फराळ, पाहुणे, सगळं यथास्थित. लीला मधेच म्हणाली, "बाबा, माझ्याशी बोलताना कॅलेंडरकडे काय बघता? रागावलात का?"

नाही गं, म्हटलं. कॅलेंडरकडेच बघून.

लहानपणी मांडीवर घेऊन तिच्या पापण्या मोजायचो. मोजू द्यायची नाही, डोळे मिचकावायची. ते आज आठवलं. उठून अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. सौ. म्हणाली, सकाळी घातलंय.

३ नोव्हेंबर

मुलगी झाली. दुपारी, दवाखान्यातच.

रडायला वेळ लावला. आत बायांची पळापळ, मग चापट्यांचा आवाज, मग काहीच नाही. मी व्हरांड्याच्या खांबाला धरून. देवाचं नाव घेतलं नाही. हात जोडून फक्त म्हणत होतो, मी बघणार नाही, मी बघणार नाही.

मग रडली. केवढ्यांदा!

दोघी सुखरूप. सौ. म्हणाली, या ना आत, नात बघा. दारातूनच दुपट्याचं गाठोडं बघितलं. छान आहे म्हटलं. गाठोडंच छान होतं, आतलं कुठे बघितलं.

१४ नोव्हेंबर

बारसं. नाव अंजली ठेवलं.

फोटोला श्रीरामपूरचा फोटोग्राफर बोलावला. माझा धंद्यातला जुना वैरी. आला, कॅमेरा काढला, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "अण्णा, घरचं कार्य आणि मला बोलावणं? हात दुखावला की काय?" डोळे, म्हटलं. त्याला वाईट वाटलं. माझ्या पाठीवर हात ठेवला. चांगला माणूस आहे, उगीच इतकी वर्षं नावं ठेवली.

सौ. हे ऐकत होती.

१५ नोव्हेंबर

सकाळी ओटीवर पेपर वाचत होतो. लीला आली. पेपर ओढून घेतला आणि पोर मांडीवर ठेवली. "तिने काय केलंय तुमचं?" एवढंच म्हणाली. रडत होती. मी, तिचा बाप, तिला काय सांगू? मोसंबी गळली म्हणून सांगू?

ती आत गेली. मांडीवर पोर, आणि मी आढ्याकडे बघतोय. पोरीने माझं बोट धरलं. ताकद आहे. मग शिंकली.

शिंकल्यावर खाली बघितलंच. बघितलं ते बघितलं. तोंड जवळ नेलं, कॅमेऱ्यात आणायचं असल्यासारखं. कपाळावर लव. ओठांवर दुधाचा डाग. डाव्या पापणीच्या केसांत पाण्याचा बारीक थेंब. तीही माझ्याकडे बघत होती, पापणी न हलवता. इतकी सुंदर वस्तू मी जन्मात कधी बघितली नव्हती. डोळे मिटायचं सुचलं नाही. किती वेळ बघितलं, माहीत नाही. श्वास रोखलेला होता, ते नंतर कळलं.

१६ नोव्हेंबर

अंजली काल दिवसभर चांगली प्यायली. ताप नाही. सौ.ला इतक्या वेळा विचारलं की ती वैतागली. आजही बरी आहे, आत्तापर्यंत.

१७ नोव्हेंबर

आज अजून उठलेली नाही. रोज या वेळी रडते. लीलाही झोपलेलीच. सौ. चुलीपाशी आहे, तिला म्हटलं, जरा पाळण्यात बघून ये. म्हणाली, माझे हात पिठाचे आहेत, तुम्हीच बघा.