पडदा ओढायचा राहिला

प्रिय आई,

तुला नमस्कार. आजीला न्हाऊ घालून बाहेर येताना तू एकदा म्हणाली होतीस, "दुसऱ्याच्या हातून न्हायची वेळ येण्याआधी देवानं मला उचलावं." आज दिवसभर तेच आठवतंय.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. शाळेतलं शिकवणं सोडून या वयात नर्स झाले, तरी इथल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या मला 'बाई'च म्हणतात. जुनी सवय मोडू देत नाहीत.

आज एका आजींचं अंग पुसताना पलंगाभोवतीचा पडदा ओढायला मी विसरले. समोरच्या पलंगापाशी भेटायला आलेली माणसं बसली होती. आजी ओरडल्या नाहीत, त्यांनी नुसतं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी माफी मागितली तर म्हणाल्या, "असू दे हो बाई, तुम्हाला घाई होती." आई, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझा गुडघा कसा आहे? तू न्हाणीघरात पुन्हा घसरलीस आणि आतून कडी होती म्हणून दार तोडावं लागलं, असं दादा म्हणाला. ती कडी तू का लावतेस, ते मला आज कळलं. तरीही एक मागते, आंघोळीच्या वेळी वहिनीला आत येऊ दे.

नाहीच म्हणशील. मग निदान नव्या दाराला कडी बसवू नकोस.

तुझी,
धाकटी