पिवळी फळी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
मंगळवार, १७ जून २०२५

चि. अमरेश यास,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन येऊन आज आठ दिवस झाले. दोन वर्षांनी धाकट्या भावाचा आवाज ऐकला आणि मी काय विचारलं, तर ‘जेवलास का?’ सकाळी दहा वाजता! तूही गुमान ‘हो’ म्हणालास. मग तू फळीचं काढलंस आणि मी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. आपल्या घरात ‘बघतो’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. म्हणून हे पत्र. फोनवर मी पुन्हा जेवणावरच जाईन.

इकडे सर्व ठीक. अव्वाचे गुडघे धरलेत, तरी शेंगाचटणी स्वतःच कुटते. मिक्सरला हात लावू देत नाही. हेमावती म्हणते, तुमच्या आईला सून नको आहे, उखळ हवं आहे. चटणीचा डबा वेगळ्या पार्सलनं पाठवलाय, मिळाला की कळव. रोज सकाळी अव्वाचं एकच चालू असतं, ‘अमरू यावाग बरतान?’ कधी येणार, कधी येणार. मी म्हणतो, तिकडे रामेश्वरमला वाऱ्याचा हंगाम आहे, हंगाम संपला की येईल. दोन वर्षं हंगाम संपलेला नाही. तिला ते कळतं, पण ती मला पकडत नाही.

कारखाना चालू आहे. पाण्याच्या टाक्यांची कामं कमी झालीत, मंगल कार्यालयांच्या फायबरच्या कमानी आणि हत्ती जास्त. काल एकानं सोंड उजवीकडे वळवून मागितली. म्हटलं, बाबा, हत्ती आहे, गणपती नाही. तरी दिली वळवून.

तर फळी. तुझ्या तिथल्या मालकाला पिवळ्या फळीचं माप हवं आहे, तिच्यासारख्या तीन काढायच्या आहेत. आणि मूळची फळी आली की पहिल्या चांगल्या वाऱ्याला तू स्वतः तिच्यावर उभा राहणार आहेस. तू म्हणालास, ‘अण्णा, चूक माझी होती, फळीची नव्हती. तिनं का अडगळीत पडायचं?’ हे वाक्य आठ दिवस माझ्या मागे लागलंय.

पुढचं बरंचसं तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण लिहिता लिहिता पुढच्या वाक्याला धीर येतो.

गोव्याहून तू विंडसर्फिंगची ती जुनी, रुंद फळी आणि फाटकं शीड घेऊन आलास तेव्हा आख्खी गल्ली हसली होती. मीही. सोलापूरला समुद्र कुठला? पण तू उजनीचं पाणी शोधलंस. टेंभुर्णीहून आत गेलं की आदिनाथचं रान लागतं, आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की रानाच्या पुढे सपाट गाळाचा काठ उघडा पडतो. ना झाड, ना खडक. मृगापासून आषाढापर्यंत पश्चिमेचा वारा त्या काठावरून पाण्यात उतरतो आणि काठाजवळचं पाणी परातीतल्यासारखं सपाट राहतं. तू ते बघून नाचला होतास. आदिनाथ बांधावरून ओरडला होता, ‘ओ पावनं, तितं गाळ हाय, रुतशीला की!’ आणि मग तुला कमरेएवढ्या गाळातून त्यानंच ओढून काढलं. मैत्री तिथं झाली.

त्यानंतर आपण तिघं वेडेच झालो. साठ सेंटिमीटर रुंदीची फळी केली, मग बावन्न, मग शेहेचाळीस. जेवढी अरुंद तेवढी पाण्याला कमी चिकटते, तेवढी पळते. आदिनाथच्या मनगटावरचं घड्याळ वेग दाखवायचं. बावन्नच्या फळीवर तो ताशी त्रेसष्ट किलोमीटर गेला. ‘अण्णा, सत्तर पायजे. सत्तर झालं की लगीन करतो,’ म्हणायचा. सोनाबाईंनी शेहेचाळीसची चौकट बघून विचारलं होतं, ‘ह्याच्यावर हुबं ऱ्हायाचं व्हय रं? हितं भाकरी थापाया जागा न्हाय.’ माय-लेक दोघंही बोलण्यात सारखेच.

रुंद फळीवर माणूस पाण्यात नुसता उभा राहू शकतो. अरुंद फळी थांबली की उभ्या माणसाखाली बुडते. शिडाला वारा लागला की मगच ती माणसाला घेऊन वर येते आणि घसरत सुटते. म्हणून वारा पडला तर तिच्यावर पालथं पडायचं, तिला धरून राहायचं आणि होडीची वाट बघायची. हा तुझा पहिला नियम. फळी सोडायची नाही. काठ कितीही जवळ दिसो, पोहत निघायचं नाही. तू आदिनाथकडून तो पाठ करून घेतला होतास, शाळेतल्या पाढ्यासारखा.

आता जे तुला माहीत नाही ते.

पिवळी फळी, म्हणजे ती शेहेचाळीसची, थर्माकोलची. थर्माकोलवर इपॉक्सी रेझिनच लावावं लागतं, ते मला तूच शिकवलंस. टाकीचं रेझिन थर्माकोल खातं, साखर पाण्यात विरघळावी तसं. त्या वर्षी इपॉक्सीचा डबा पुण्याहून यायचा होता, आला नाही. वारा सुटलेला होता. तू रोज विचारत होतास, आदिनाथ तर रोज सकाळी फोन करायचा, ‘अण्णा, वारं सुकत चाललंय.’ मी थर्माकोलवर पांढऱ्या गोंदाचे चार हात मारले, वर्तमानपत्राचा कागद चिकटवला आणि वरून टाकीचं रेझिन लावलं. वीस वर्षं टाक्या केल्यात, मला कोण शिकवणार, असा माज होता. तुम्हाला सांगितलं, इपॉक्सी आलं. आदिनाथनं नाक लावून म्हटलं होतं, ‘वास टाकीचा येतोय की.’ मी म्हटलं, माझे हातच टाकीचे आहेत. तुम्ही दोघं हसलात.

बाबा प्रत्येक टाकी पोचवण्याआधी नाण्यानं वाजवून बघायचे. मलाही ती सवय आहे. पिवळी फळी मी वाजवली. मागचा पाय अडकवायच्या पट्ट्याच्या मागे, तळहाताएवढ्या जागेत आवाज पोकळ आला. कागद कुठंतरी उचलला असणार, रेझिन आत उतरलं असणार. आत किती खाल्लंय, हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. उघडली तर हंगाम गेला. मी त्या जागेवर काचकापडाचा आणखी एक थर दिला आणि पिवळा रंग मारला. एवढा सुंदर रंग मी कधी मारला नव्हता.

त्या दिवशी मी काठावर होतो. तिसऱ्या फेरीत आदिनाथ जसा गेला तसा मी कुणाला जाताना पाहिलेला नाही. मग वारा एकदम पडला आणि तो काठापासून लांब, उघड्या पाण्यात थांबला. तू होडी काढलीस आणि इंजिन सुरू करायची दोरी तुटली. तू दोरी बांधत होतास, तुझं लक्ष हातात होतं. माझं नव्हतं. मला तो दिसत होता. तो फळीवर पालथा पडायचा आणि मागची बाजू खाली जायची. पुन्हा चढायचा, पुन्हा जायची. तरंगायचं जाकीट होडीत होतं, कारण शिडाला अडकवायच्या कमरेच्या पट्ट्याखाली ते बसत नव्हतं, आणि त्याला फळीचा भरवसा होता. लहानपणापासून त्या पाण्यात पोहलेला पोरगा, अमरेश. सुरुवातीलाच निघाला असता तर काठ गाठला असता. पण त्यानं तुझा नियम पाळला. त्याचा हात फळीच्या पट्ट्यात होता, ते तू पाहिलंस.

नियम बरोबर होता. फळी खोटी होती.

आणि हे लिहायचंच आहे, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही. तू त्याला होडीत घालून आणलंस, गावचे लोक जमले, सोनाबाई धावत आल्या. कुणी काही बोलायच्या आत मी ओरडलो, ‘अकरा मिनिटं! अकरा मिनिटं कुठं होतास?’ पहिला मी. मी घड्याळात बघितलं होतं. मग सगळ्यांनी तेच धरलं. पंचनाम्यात फळी सुस्थितीत आहे असं मीच सांगितलं. मी इतका आधी आणि इतक्या मोठ्यानं का ओरडलो ते मला त्याच क्षणी कळलं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

फळी कारखान्यात आणून शेपूट खाली करून टांगली. तीन दिवस तिच्यातून पाणी ठिबकत होतं. हेमावतीनं विचारलं तर म्हटलं, ओली आहे. त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. स्टँडवर मी तुझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि ‘जप’ म्हणालो.

फळी पाठवत नाही. रविवारी मी ती करवतीनं मधोमध उभी कापली. आत शेपटाकडे घागर मावेल एवढी पोकळी आहे, आणि तिच्या तळाशी उजनीचा गाळ वाळून बसला आहे. मी हात लावला, त्याची माती झाली.

तिथं अशा फळीवर तू उभा राहू नकोस. माप वापर, माप चांगलं आहे, सोबत कागदावर काढून देतो. इपॉक्सी वापर. आणि मालकानं केलेली असो की देवानं केलेली, वाजवून बघितल्याशिवाय कुठलीही फळी पाण्यात नेऊ नकोस.

गुरुवार, १९ जून

पत्र बंद करून टपालात टाकायला निघालो होतो. मग वाटलं, सोनाबाईंना आधी सांगितलं नाही तर हेही पत्र म्हणजे लांबून दगड मारून पळण्यासारखं होईल. काल टेंभुर्णीला गेलो.

सोनाबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. ‘ये,’ म्हणाल्या, चहा ठेवायला उठल्या. मी त्यांना बसवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गोंद, कागद, पोकळ आवाज, रंग. त्यांचे हात शेंगांतच होते. मग विचारलं, ‘झालं सांगून?’

मी म्हटलं, झालं.

‘मग त्यो पोरगा दोन वरीस कुणाचं वजं घिऊन फिरतोय?’



‘मी त्याला काय काय बोल्ले रं,’ त्या म्हणाल्या. ‘माज्या आदीला तू मारलंस म्हनले. पायावर पडला हुता, तर पाय मागं घेतला मी. त्याला लिव्हलंस का हे?’

‘लिहितोय.’

‘लिहितोय न्हाय. धाड. आजच्या आज धाड. आन त्याला म्हनावं, आषाढ वद्य पंचमीला आदीची तिथ हाय. मी बलिवलंय म्हनावं. पानाला त्यो पायजे.’

मी वाकायला गेलो तर त्या सुपासकट मागे सरकल्या. ‘तू येऊ नगंस, शेकर,’ म्हणाल्या. ‘हितं परत येऊ नगंस. अमरेशवर मला राग तरी आला हुता. तुज्यावर तर त्यो बी येत न्हाय.’

आवाज चढवला नाही त्यांनी. मी मोटारसायकल गावाबाहेरपर्यंत ढकलत आणली, सुरू करायचं सुचलंच नाही. टेंभुर्णीच्या चौकात उसाचा रस विकणाऱ्यानं विचारलं, पेट्रोल संपलं का? मी हो म्हटलं.

हेमावतीला सांगितलंय. ती दोन दिवस बोललेली नाही, डबा मात्र देते. अव्वाला आज सांगणार आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, पण तिनं तुला कधी येतोस असं विचारलं की ‘हंगाम’ म्हणणार नाही, एवढं ठरवलंय. तुझ्यासमोर माझी मान खाली जाईल म्हणून मी भ्यायलो, आणि तुझीच मान दोन वर्षं खाली ठेवली. तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेस. तुला मी खांद्यावर बसवून गड्ड्याची जत्रा दाखवली आहे.

‘माफ कर’ असं वर एके ठिकाणी लिहिलं होतं. खोडलं. ते मागायला निघालो तर हे पत्र पुन्हा माझंच होईल, आणि हे तुझं आहे. पंचमीला ये. माझ्याकडे उतरावंसं वाटलं नाही तर उतरू नकोस, अव्वाला भेट आणि थेट टेंभुर्णीला जा. त्या दिवशी मी सोलापूर सोडून कुठंही असेन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

पत्र फाडू नकोस. तिथं, गावात, काठावर, कुठंही कुणी आदिनाथचं नाव काढून तुझ्याकडे बघितलं तर हे त्याच्या हातात दे. त्यासाठी ‘तुझा अण्णा’ एवढी सही पुरणार नाही. पूर्ण नाव लिहितो.

सोमशेखर मल्लिकार्जुन हत्तुरे,
राहणार सोलापूर.
आदिनाथ ज्या फळीवर गेला ती मी बनवली. तिच्यात दोष होता, आणि तो मला माहीत होता.