टेकूची काठी

२ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. लायकी नसली तरी घे.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. दातांच्या डॉक्टरांची पाटी तू पिऊन रंगवलीस, सोनेरी किनार गांडुळासारखी वळवळत गेली आणि डॉक्टरांनी पाटी परत पाठवली, असं ती लिहिते. वर तू म्हणालास म्हणे, की प्यायल्याशिवाय हात स्थिर राहत नाही. हात स्थिर राहावा म्हणून प्यायचं आणि प्यायलं म्हणून किनार वाकडी. एवढी अक्कल कुठून आणतोस रे?

बाबा असते तर मागे उभे राहून नाकातून हसले असते. मला तर तेवढेही कष्ट घ्यावेसे वाटत नाहीत. ही पाटी तू शुद्धीत पुरी केली नाहीस, तर मुलीला घेऊन माहेरी जायचं तिने ठरवलंय. मी तिच्या जागी असते तर एव्हाना सामान बांधून झालं असतं.

लोभ आहे. तो वाढायला काही कारण दे.

ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचून कान अजून गरम आहेत.

दारू सोडवणाऱ्या एका मंडळात जायला लागलोय. गोल करून बसायचं, पाणचट चहा प्यायचा आणि एकेकाचं रडगाणं ऐकायचं. मला त्या सगळ्यांचा तिटकारा येत होता. मंडळ चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, पहिला घोट कशासाठी घेतला. मी म्हणालो, मजेसाठी. त्या म्हणाल्या, मजेसाठी घेणारा माणूस कामाला बसायच्या आधी कशाला घेईल. 

घरी येताना आठवत गेलं. बाकीचे पेंटर लांब रेघ ओढताना मनगटाखाली टेकूची काठी धरतात. आपल्याच घरात तिची लाज. काठी लंगड्यांना लागते, असं बाबा म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकताना मी ब्रश टेकवला की मागे येऊन उभे राहायचे आणि नाकातून हसायचे. माझा हात कापायचा. एकदा बाहेर जाऊन घोटभर घेऊन आलो, तर ते हसणं मनाला लागलंच नाही आणि रेघ सरळ गेली. मग तीच सवय झाली. पुढे एका घोटाने भागेना, हे तुला ठाऊकच आहे. बाबा गेले, तरी माझ्या मागे कोणीतरी उभं असतंच. हल्ली ते तुझ्या आवाजात बोलतं. रागावू नकोस.

बाटली मोरीत ओतली. पाटी घासून पुन्हा पांढरी केली, अक्षरंही लिहून झाली. किनार तेवढी राहिलीय आणि हात थरथरतोय. शनिवारी पाटी द्यायची आहे. आज दोनदा दारूच्या दुकानापर्यंत जाऊन परत आलो.

माझ्यासाठी थोडा लोभ शिल्लक असेल, तर तो राहू दे.

तुझा भाऊ

१२ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

पत्र वाचून आधी चीडच आली. बाबांवर ढकलणं सोयीचं आहे, ते काही उलट बोलायला येणार नाहीत. मग पुन्हा वाचलं. माझ्या शिवणाच्या दुकानात सकाळीच एका शिवणारणीची टीप वाकडी गेली होती आणि मी तिच्या मागेच उभी होते. मी काय केलं असेल ते तू ओळखशील. पत्र पुन्हा वाचल्यावर मी बेतायला घेतलेलं कापड तसंच पडून राहिलं.

पण तुझ्यासारखा महामूर्ख मी पाहिला नाही. जगात काठ्या मिळत असताना हा बाटलीला टेकून बसला. पडद्याची दांडी कापून तुझ्यासाठी काठी केलीय. टोकाला कापूस भरून वर मऊ चामडं मी स्वतः शिवलंय, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही. तू शिवलं असतंस तर पहिल्याच रेघेला सुटलं असतं.

तुझ्या बायकोला मी कळवलंय. शनिवारपर्यंत थांबते म्हणाली, त्यापुढचं तिने काही सांगितलं नाही. दारूच्या दुकानाकडे पुन्हा पाय वळले, तर आधी मंडळाच्या त्या बाईंकडे जा. पाणचट चहा प्यायल्याने कोणी मरत नाही.

शुक्रवारी काठी घेऊन येते. किनार ओढशील तेव्हा मी तिथेच बसेन. माझी खुर्ची पाटीच्या पलीकडे मांड, तुझ्या समोर. हसले तर तुला दिसेल.

लोभ आहेच.

ताई