पूर्वेची भिंत

पिंपरी,
गुरुवार, १६ मे १९७४

प्रिय कस्तुरा,

चारही बोल्ट सोडून पश्चिमेच्या भिंतीतला पंखा खांद्यावर घेतला आणि तसाच शिडीवर उभा राहिलो. रिकाम्या भोकातून वारा सरळ तोंडावर आला. तू सांगितलं होतंस तसाच.

आज कंपनीला सुट्टी, म्हणून हे काम काढलं. रंगखात्याचा वास बाहेर फेकणारा पंखा आता पूर्वेच्या भिंतीत आहे. जुना अठरा इंची काढून नवा चोवीस इंची लावला. पश्चिमेच्या भोकाला नुसती जाळी ठोकली. वारा इकडून येईल, रंगाचा वास तिकडून जाईल. एवढं साधं होतं.

पाडव्यानंतर तू माहेरचा कोंडा पुडीत बांधून आणलास आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर चालू पंख्यापुढे ओंजळभर सोडलास. तो परत आपल्याच अंगावर आला. तू म्हणालीस, "आमच्या खळ्यावर पोरंबी वाऱ्याकडं तोंड करून उपणत न्हाईत." बायका हसल्या. शेजारच्या टेबलावरची सरूबाई म्हणाली, "किसनभाऊ, मिशीतला कोंडा झाडा आधी!" मला झोंबलं. खळ्यावरची अक्कल खळ्यावर ठेव, असं मी तुला बोललो. तू खोकत होतीस. त्याच आठवड्यात राजगुरुनगरला माहेरी गेलीस. खोकला थांबला की येते, म्हणालीस.

खोलीत आता फार शांत असतं. तुझ्या खोकल्याने मला जाग यायची तेव्हा मी कूस बदलून झोपायचो. आता त्या शांततेनेच जाग येते. दोरीवरचं तुझं हिरवं लुगडं मी काढलेलं नाही.

पश्चिमेची भिंत नानासाहेबांनी ठरवली, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. साहेबांनी मलाच विचारलं होतं, "किसन, तू सांग, कुठं बसवायचा?" आठ वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी काही विचारलं. विजेची तार तिथवर होती. मी विचार न करता बोट दाखवलं. तुझं टेबल त्याच भिंतीखाली होतं, हे मला माहीत होतं. पुढे चूक कळली, तरी गप्प राहिलो. काल साहेबांना सांगितलं. तुला परत ये म्हणायला बसलो होतो. पण आधी हे लिहिणं भाग होतं.

अजून तुझाच,
किसन

शुक्रवार. सकाळी पंखा चालू केला. सरूबाईने तोंडावरचा पदर सोडून काम केलं. पत्र पेटीत टाकलं नाही. रजा घेतली आणि राजगुरुनगरच्या एस.टी.त बसलो. पत्र तुझ्याच हातात देतो. तुझं वाचून होईपर्यंत मी बाहेर थांबतो.